रावसाहेबांचा वारस

माणसाला घराणं असावं लागतं. आणि नसलं, तर ते शोधून काढायची अक्कल असावी लागते. ही अक्कल आपल्याकडे भरपूर आहे, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. आता छाती ठोकत नाही. ठोकली की कळ थेट कमरेत जाते!

सगळ्याचं मूळ आमचे सासरेबुवा. बँकेतून निवृत्त झालेले, अंगापिंडाने असे भारदस्त की ते सोफ्यावर बसले की शेजारी बसलेला माणूस आपोआप त्यांच्याकडे घरंगळत जातो. त्यांच्या दिवाणखान्यात एक भलंमोठं तैलचित्र आहे. काळा झगा, पांढऱ्या मिशा, आणि समोरच्याला आत्ताच जन्मठेप सुनावल्यासारखी नजर. हे सासरेबुवांचे न्यायाधीश आजोबा. आम्ही दर रविवारी जेवायला जातो आणि दर रविवारी, जेवण झाल्यावर दातकोरणं त्या चित्राकडे रोखून सासरेबुवा विचारतात, "काय जावईबापू, तुमच्याकडे कोण होतं हो?"

"होते की, बरेच जण होते," मी म्हणतो.

"म्हणजे माणसं होती, एवढंच ना?"

मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारी घेण्याच्या टेबलावर बसतो. अडकलेल्या लोकांच्या शिव्या ऐकायची मला सवय आहे. पण लिफ्टमधला माणूस निदान सुटका झाल्यावर गप्प बसतो!

त्या रविवारी त्यांनी नवीनच विषय काढला. "मौन बंधुमंडळ ऐकलंय का? टायरच्या दुकानामागे ती जुनी दगडी इमारत आहे ना, तीच. आत काय चालतं कोणाला ठाऊक नाही. बाहेर कोणी बोलत नाही. फक्त घराणेदार माणसांना घेतात!"

"मग तुम्ही आहात का त्यात?" मी विचारलं.

टेबलाखालून बायकोने माझ्या नडगीवर लाथ घातली. सासूबाई भांडी उचलता उचलता म्हणाल्या, "कधीचा अर्ज करून बसलेत. उत्तरच येत नाही."

"मौन बंधुमंडळ आहे ते!" सासरेबुवा कडाडले. "उत्तर येत नाही हीच तर त्यांची थोरवी आहे!"

मी मात्र विचारात पडलो. कारण 'बंधु' हा शब्द मी कुठेतरी वाचला होता. आणि रोज वाचत होतो!

आमच्या घरात बाथरूमला जाताना पॅसेजमध्ये आजोबांचा एक जुना फोटो टांगलेला आहे. घरी आल्याबरोबर मी तो खाली काढला. दहा-बारा रुबाबदार माणसं ओळीने उभी, प्रत्येकाच्या खांद्यावरून तिरका रेशमी पट्टा. कडेला आमचे आजोबा. आणि चौकटीखाली पितळी पट्टी: 'रावसाहेब आणि मौन बंधुवर्ग'!

"अगं, ऐकलंस का!" मी ओरडलो. "आजोबा मौन बंधू होते! नुसते बंधू नाहीत, रावसाहेब होते!"

बायको चष्मा लावून आली. तिने फोटो न्याहाळला. "पट्टा सगळ्यांना आहे. आजोबांनाच नाही."

"बरोबर! सेनापती कधी गणवेशात उभा राहतो का? सर्वोच्च माणसाला पट्टा लागत नाही."

"हातात दोरी कसली आहे?"

"मानाची दोरी."

"मानाची दोरी म्हणजे?"

"ते गुप्त असतं."

"आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, हे एकटेच खाली बघतायत."

"विनय! घराणेदार माणसात असतो तो." एवढं बोलून मी फोटोकडे आदराने पाहिलं. चौकट जाडजूड होती आणि तिने फोटोचा खालचा भाग पार गिळून टाकला होता. पण मोठ्या माणसांचे पाय बघायचे असतात ते नमस्कारापुरते. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पक्की खात्री असावी म्हणून आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे आजोबांची शेवटची उरलेली लेक. तिला ऐकू कमी येतं आणि बोलता जास्त येतं.

"आत्या, आजोबा त्या बंधुमंडळात जायचे का गं?"

"जायचे ना! दर गुरुवारी. रावसाहेबांचा काय थाट असायचा, बाबा! निघताना आंघोळ, केस विंचरणं, पायांना तेल..."

"पायांना तेल?"

"चकचकीत दिसायला हवेत ना! आणि परत आले की सगळ्या घरभर वास!"

"धुपाचा असणार!" मी म्हणालो. "कसले कसले विधी असतात तिथे!"

"अरे धूप कसला मेल्या, तो..."

पण मी फोन ठेवला. मला हवं ते मिळालं होतं. संशोधकाने कुठे थांबावं हे त्याला कळलं पाहिजे!

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीतून निघून मी थेट त्या दगडी इमारतीत गेलो. दार उघडलं ते मंडळाच्या चिटणीसांनी. इतके वृद्ध की दार त्यांनी उघडलं की दाराने त्यांना ओढून आणलं, ते सांगणं कठीण! आत उंच छताची खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, बहुतेक खुर्च्यांवर धूळ. भिंतीवर मधोमध काहीतरी मोठं टांगलेलं, त्यावर मखमली पडदा.

"काय काम आहे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मीही कुजबुजलो, "मी रावसाहेबांच्या घरचा."

म्हाताऱ्याचे डोळे एकदम भरून आले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "रावसाहेबांच्या घरचे! अहो, किती वाट पाहिली आम्ही! या, बसा. रावसाहेब म्हणजे या मंडळाचा प्राण हो! कधी एक शब्द बाहेर फुटला नाही त्यांच्या तोंडून."

"आमच्या घराण्याचं वैशिष्ट्यच आहे ते," मी म्हणालो.

"आणि ती दाढी!"

"भरघोस!" आजोबांची दाढी मला चांगली आठवत होती.

"तापट मात्र विलक्षण. एकदा का डोकं खाली घालून अंगावर आले, की अध्यक्षसुद्धा खुर्चीवर चढायचे!"

"लहानपणी मीही चढलोय," मी कौतुकाने म्हणालो.

"खाण्याचेही शौकीन. एकदा चालू सभेत त्यांनी खजिनदारांचं धोतर..." चिटणीस हसू लागले ते खोकला येईपर्यंत. मला विनोद नीट कळला नाही, पण बंधूंचे आपसातले विनोद असतील म्हणून मीही हसलो.

मग ते गंभीर झाले. "रावसाहेब गेले आणि मंडळाचं कामच खुंटलं. त्यांच्याशिवाय नवीन बंधूला दीक्षा देता येत नाही. आमची घटनाच तशी आहे. अर्ज धूळ खात पडलेत. घटनेत पुढे म्हटलंय, 'रावसाहेब, किंवा त्यांच्या घरचा कोणी'. पण त्यांच्या घरचं कोणी फिरकलंच नाही! आता तुम्ही आलात. रावसाहेबांची गादी चालवाल?"

"तो माझा हक्कच आहे!"

"भार सोसेल ना? वजनदार माणसं येतात हो इथे."

"येऊ देत! कितीही वजनदार येऊ देत, मी दबणार नाही!"

"पाठ कशी आहे तुमची?"

"ताठ कण्याचं घराणं आहे आमचं, चिटणीससाहेब!"

"वा!" ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवरून सावकाश हात फिरवला. खांद्यापासून कमरेपर्यंत. जरा चाचपल्यासारखाच. मला ती बंधुमंडळाची रीत वाटली.

एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवणं माणसाच्या हातात असतं का? मी त्याच संध्याकाळी सासरी गेलो. रविवार नसताना!

"बाबा," मी खुर्चीत रेलून म्हणालो, "त्या मौन बंधुमंडळाबद्दल तुम्ही बोलत होतात ना, त्याचे रावसाहेब म्हणजे आमचे आजोबा. गादी आता माझ्याकडे आलीय. माझ्याशिवाय तिथे कोणालाही दीक्षा मिळत नाही."

सासरेबुवांच्या हातातला पेपर खाली आला. मग चष्मा खाली आला. मग आवाज खाली आला. "जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही त्या खुर्चीत कशाला बसलात? तिची स्प्रिंग टोचते. इकडे या, माझ्या खुर्चीत बसा."

लग्न झाल्यापासून मी त्या खुर्चीला हातसुद्धा लावला नव्हता! मी बसलो. समोर न्यायाधीशांचं चित्र होतं. आज प्रथमच त्यांच्या नजरेला नजर दिली. वाटलं, आपण निर्दोष सुटलो!

"तो माझा अर्ज..." सासरेबुवा चाचरत म्हणाले.

"बघू," मी म्हणालो. हा 'बघू' मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. म्हणायला मिळाला तो पहिल्यांदाच. काय गोड शब्द आहे!

कचेरीतही बातमी पोचली. म्हणजे मीच पोचवली. आमचे साहेब सासरेबुवांच्याच मापाचे. ते कधी माझ्या टेबलापाशी थांबत नसत. ते थांबले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आमच्यासारख्याचं काही जमेल का हो तिथे?"

"बघू," मी म्हणालो. साहेबांना! जिभेला सवय लागली होती.

गुरुवारी संध्याकाळी दीक्षाविधी ठरला. सासरेबुवा नवा कोट घालून आले. त्याचं बटण लागावं म्हणून ते वाटभर श्वास आत ओढूनच बसले होते. बायकोला बाहेरच्या खोलीत बसवलं, कारण आत फक्त बंधूंना प्रवेश. चिटणीसांनी सासरेबुवांच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली, त्यांच्या कानात बराच वेळ विधी समजावला आणि त्यांना दाराबाहेर उभं केलं. मला आत नेलं. हयात असलेले सगळे बंधू, म्हणजे पाच-सहा म्हातारे, गोल बसले होते. मला बघताच सगळे काठ्या टेकत उभे राहिले.

"दीक्षेआधी रावसाहेबांच्या तसबिरीचं अनावरण होईल," चिटणीस म्हणाले. "तुम्ही दोन शब्द बोला."

मी तयारी करूनच आलो होतो. घसा साफ केला आणि सुरुवात केली. "बंधूंनो! आज रावसाहेब आपल्यात नाहीत, पण त्यांचं रक्त माझ्या नसांतून वाहतं आहे! माझी आई म्हणायची, तू अगदी त्यांच्यावर गेलास. तीच चाल, तोच चेहरा, तोच आवाज!"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी विचारलं. दुसऱ्याने माझ्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि खांदे उडवले.

"मला कृतार्थ वाटतं," असं म्हणून मी पडद्याची दोरी ओढली.

मखमल खाली आली. 

समोर माझ्याच घरचा फोटो होता. तोच, पण अख्खा! तीच रुबाबदार माणसं, तेच पट्टे, कडेला तेच आजोबा. हातात तीच दोरी. आणि चौकटीने आमच्या घरी जो भाग गिळला होता, तिथे दोरीच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यांच्या पुढे, खांद्यावरून तिरका रेशमी पट्टा घालून, दाढी वाऱ्यावर सोडून, गर्वाने उभा होता एक धिप्पाड बोकड!

"रावसाहेब!" चिटणीस हात जोडून म्हणाले. म्हाताऱ्यांनी माना झुकवल्या.

"हे... हे रावसाहेब?" मी बोकडाकडे बोट दाखवलं. "मग हे कडेला उभे आहेत ते कोण?"

"ते होय? ते त्यांना घेऊन यायचे. रावसाहेब त्यांच्या अंगणातले ना!"

"म्हणजे आमचे आजोबा मंडळात नव्हते?"

"छे छे! ते बाहेर पायरीवर बसायचे. आत फक्त सभासदांना परवानगी. रावसाहेब सभासद होते."

मी मटकन खुर्चीत बसलो. संशोधन पूर्ण झालं होतं. आमच्या घरातलं कोणीतरी बंधुमंडळात होतं, हे सिद्ध झालं होतं. फक्त ते दोन पायांवर चालत नव्हतं!

"चला," चिटणीस म्हणाले, "आता वेळ नको. उमेदवार थांबलेत. ओणवे व्हा."

"काय व्हा?"

"ओणवे. हातांवर आणि गुडघ्यांवर. डोळे बांधलेला उमेदवार रावसाहेबांच्या पाठीवर बसून सभागृहाला एक फेरी मारतो. फेरी चालू असताना आजवर कोणालाही न सांगितलेली एक गोष्ट रावसाहेबांच्या कानात सांगतो. दीक्षा म्हणजे हेच. रावसाहेब बोलणार नाहीत याची सगळ्यांना खात्री असायची."

"अहो पण मी माणूस आहे!"

"हो, ते मघाशी आमच्याही मनात आलं," एक म्हातारा म्हणाला. "पण भाषणात तुम्ही स्वतःच खुलासा केलात."

"मी हे करणार नाही!" मी उठून दाराकडे निघालो. जाडजूड लाकडी दार जरासं उघडलं. फटीतून सासरेबुवा दिसले. डोळ्यांवर पट्टी, पोट आत, हात एखाद्या पोरासारखे बाजूला चिकटवलेले. ओठ पुटपुटत होते, म्हणजे सांगायच्या गोष्टीची उजळणी चालली असावी. आणि चेहऱ्यावर असा काही आनंद की मी त्यांच्या लेकीशी लग्न केलं त्या दिवशीही तो दिसला नव्हता. कधीपासून हा माणूस त्या एका उत्तराची वाट बघत बसला होता! आता मी बाहेर जाऊन काय सांगणार? की तुमची दीक्षा रद्द, कारण बोकड मेला?

मी परत आलो. कोट काढला. आणि ओणवा झालो.

एका म्हाताऱ्याने माझ्यावर खरखरीत घोंगडं टाकलं. सासरेबुवांना हाताला धरून आणलं. त्यांनी घोंगडं चाचपलं. "केवढे हे रावसाहेब!" ते पुटपुटले. आणि बसले!

लिफ्टमध्ये लिहिलेलं असतं, इतक्या वजनापेक्षा जास्त भरू नये. का लिहितात ते मला तेव्हा कळलं. माझ्या पाठीतून पापड मोडल्यासारखा आवाज आला. डोळ्यांपुढे काजवे नाहीत, अख्खी रोषणाई झाली! तरी मी निघालो. एक गुडघा पुढे, मग दुसरा. म्हातारे काठ्या आपटून ताल धरत होते. अर्ध्या वाटेवर माझ्या तोंडून एक कण्हणं निसटलं. ते नेमकं "बें" असं ऐकू आलं. "वा! वा!" म्हातारे गहिवरले.

मग सासरेबुवा वाकले. त्यांचा श्वास माझ्या कानाशी आला.

"रावसाहेब," ते कुजबुजले, "आमच्या दिवाणखान्यात जे न्यायाधीश आहेत ना, ते आमचे कोणी नव्हेत. भिंतीवर ओल आली होती. ती झाकायला जुन्या सामानाच्या दुकानातून तेवढ्या मापाची तसबीर आणली. पाहुण्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, आजोबा. तेव्हापासून... आता काढताही येत नाही हो. खरे आजोबा कोण होते, मला ठाऊक नाही. तोंडसुद्धा पाहिलेलं नाही त्यांचं."

मी चालायचा थांबलो.

"रागावलात का, रावसाहेब?" सासरेबुवांनी घाबरून विचारलं.

मी मान हलवली. नाही म्हणून. त्यांना ती कळली असावी, कारण त्यांनी माझं डोकं हलकेच थोपटलं. मग मी उरलेली फेरी पूर्ण केली. वजन तेवढंच होतं, पण का कोण जाणे, मघाइतकं लागत नव्हतं.

मला मागच्या दाराने बाहेर काढलं आणि मगच त्यांची पट्टी सोडली. बाहेरच्या खोलीत सासरेबुवा खांद्यावर रेशमी पट्टा घालून आले तेव्हा मी बायकोशेजारी उभा होतो. म्हणजे, भिंतीला टेकून उभा असल्यासारखा होतो.

"काय जनावर आहे हो तुमच्याकडे!" सासरेबुवा भारावून म्हणाले. "एवढं समजूतदार, एवढं सोशिक! जावईबापू, घराणं आहे तुमचं, मी मान्य करतो. तुम्ही होतात कुठे पण?"

"मी व्यवस्थेत होतो," मी म्हणालो.

"जनावर? कसलं जनावर?" बायकोने विचारलं.

"ते गुप्त असतं," आम्ही दोघे एकदम म्हणालो. सासरेबुवांनी माझ्याकडे पाहून डोळा मारला. त्यांनी! मला!

पुढच्या रविवारी जेवण झालं. सासरेबुवांनी दातकोरणं उचललं, न्यायाधीशांकडे रोखलं, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, खाली ठेवलं. "पानं-बिनं काही आहेत का गं घरात?" एवढंच सासूबाईंना विचारलं. मीही त्या चित्राकडे पाहिलं नाही. ओल बरीच मोठी असावी, एवढं मात्र मनात आलं.

सगळं कसं गोड झालं, असं तुम्ही म्हणाल. पण तीन-चार दिवस भिंती धरून हिंडल्यावर सोमवारी सकाळी मला पलंगावरून उठताच येईना! बायकोने आणि शेजाऱ्यांनी मिळून रिक्षात कोंबलं आणि डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पालथं घातलं, इथे दाबलं, तिथे दाबलं. मी दोन्हीकडे ओरडलो.

"काहीतरी भलतंच जड उचललेलं दिसतंय," ते म्हणाले. "काय होतं? कपाट?"

आता आली का पंचाईत! मौन बंधूंचं गुपित सांगता येत नाही. डॉक्टरांशी खोटं बोललं तर औषध चुकतं. बायको बाहेर पैसे भरायला गेली होती. मी हळूच म्हणालो, "सासरे."

डॉक्टरांनी उठून दार लावून घेतलं. मग आपला शर्ट वर केला आणि कमरेला बांधलेला रुंद पट्टा मला दाखवला.

"हाच घ्या," ते म्हणाले. "आणि मोठाच घ्या. आमचं मंडळ दुसरं, पण तिथे आता सासऱ्यांच्या मागोमाग सासूबाईसुद्धा अर्ज करणार आहेत."